एकपदी नाव आणि आडनावाचा रकाना

चंदीगडला लागून असलेल्या मोहाली शहरात सेक्टर ६७ आहे. अशा वसाहतीत घराचा पत्ता सांगावयास घराचा क्रमांक व सेक्टरचा क्रमांक एवढे पुरते. रस्त्याच्या नावावाचून काही अडत नाही. तेथील रहिवाशापुढे ‘रस्त्याचे नाव’ हा सक्तीचा रकाना असलेला अर्ज ठेवला, तर तो बिचारा काय करील? एखादे नाव रचील, नाहीतर सेक्टरचाच क्रमांक पुन्हा लिहील. यात उणीव घराची नसते, अर्जाची असते. माणसांच्या नावांच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे, आणि त्याचे परिणाम पत्र चुकण्याहून गंभीर आहेत.

स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही त्रिपदी मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती त्याला सृष्टिनियमच वाटते. परंतु इंडोनेशिया, म्यानमार, अफगाणिस्तान या देशांत व भारतातही एकाच शब्दाचे नाव धारण करणारे असंख्य लोक आहेत. खुद्द पंजाबात अनेक शीख कुळनाम न लावता ‘सिंग’ किंवा ‘कौर’ एवढेच लावतात. कॅनडाच्या परदेशप्रवेश खात्याने काही वर्षे ही दोन नावे आडनावे म्हणून पुरेशी मानली नाहीत. टीका झाल्यावर २००७ साली तो आग्रह सोडण्यात आला. मराठीतही ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांना कोणी आडनावाने शोधीत नाही, आणि ‘कुसुमाग्रज’ या नावाचे दोन तुकडे केले तर त्याचा अर्थच नाहीसा होतो.

ग्रंथालयांना ही अडचण फार पूर्वीच कळली होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांचेच उदाहरण पाहावे. शियाळी हे गावाचे नाव, रामामृत हे वडिलांचे, आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे. आडनाव त्यांना नव्हतेच. तरीही जगभरच्या सूचींत ते ‘रंगनाथन’ याच शब्दाखाली सापडतात, आणि ते योग्यच आहे. १९६१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असे तत्त्व मान्य केले की, अनेक शब्दांच्या नावात नोंदीसाठी कोणता शब्द पुढे घ्यावा, हे शक्य तेथवर त्या लेखकाच्या देशातील रूढीवरून ठरवावे. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींसाठी पुढे जी मार्क पद्धती रूढ झाली, तीत नोंद आडनावाने सुरू होते की स्वनावाने, हे दर्शविणारी निराळी खूण आहे. सूचिकार प्रथम नाव पाहतो आणि मग रकाना ठरवितो.

शोधनिबंधांच्या प्रकाशनव्यवहारात मात्र हा क्रम उलटला आहे. तेथे रकाना आधी, नाव नंतर. प्रकाशक निबंधाचा तपशील क्रॉसरेफ या संस्थेकडे नोंदवितात. त्या नोंदीत व्यक्तीचे आडनाव आवश्यक आणि स्वनाव ऐच्छिक असते. संशोधकांना कायमचा ओळखक्रमांक देणाऱ्या ऑर्किड या संस्थेत याच्या उलट, स्वनाव आवश्यक आणि आडनाव ऐच्छिक. परिणामी तेच एकपदी नाव एका ठिकाणी आडनाव ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी स्वनाव. कित्येक अर्ज तर दोन्ही रकाने भरल्यावाचून पुढे सरकत नाहीत. मग लेखक आपलेच नाव दोनदा लिहितो, टिंब देतो किंवा वडिलांचे नाव आडनाव म्हणून घालतो. यंत्राच्या लेखी हे तीन निरनिराळे लेखक! एकाच माणसाचे आयुष्यभराचे काम अशा रीतीने विखुरले जाते. आणि शिष्यवृत्ती देताना वा नेमणूक करताना जेथे अशा नोंदी मोजल्या जातात, तेथे त्याच्या वाट्याला न्याय कमी येतो.

आडनाव नसेल तर एकाच नावाच्या अनेक व्यक्ती ओळखावयाच्या कशा, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु जोशी आणि पाटील यांच्या गर्दीत आडनाव तरी किती उपयोगी पडते? व्यक्ती ओळखण्याचे काम ओळखक्रमांकाकडे आणि जन्मवर्षासारख्या जोडमाहितीकडे सोपवावे; नावाकडून ते करवून घेऊ नये.

उपाय अवघड नाही. लेखक जसे लिहितो तसे संपूर्ण नाव एका रकान्यात घ्यावे, आणि वर्णानुक्रमासाठी कोणता शब्द धरावा, हे त्यालाच विचारून वेगळे नोंदवावे. नियतकालिकांच्या लेखांसाठी वापरात असलेल्या जॅट्स या अंकनपद्धतीत ‘केवळ स्वनाव’ असे दर्शविण्याची सोय आहेच. म्हणजे उणीव साधनांची नसून इच्छेची आहे.

या कामी शाळांची जबाबदारी विशेष आहे. मुलाचे नाव हजेरीपटावर जसे चढते, तसेच ते बहुधा प्रमाणपत्रांतून जन्मभर त्याच्यामागे येते. एखाद्या मुलाला आडनाव नसेल, तर ते रचून देण्याचा अधिकार कोणत्याही लेखनिकाला नाही. रकाना रिकामा राहिला तर कागदाचे काही बिघडत नाही. तो खोट्या नावाने भरला, तर माणसाचे बिघडते.