पापणी उतरते तेव्हा

“वय झालं, पापण्या जड व्हायच्याच,” असं म्हणून आपण ज्येष्ठ मंडळी गप्प बसतो. पण समोर पाहायला हनुवटी वर करावी लागत असेल, भुवया ताणून संध्याकाळी कपाळ दुखत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पट्टा वयानुसार सैल होतो आणि पापणी बुबुळावर उतरते. याला टोसिस म्हणतात. काहींचा पट्टा ठीक असतो, फक्त जादा कातडी लोंबते. पहिल्यात पट्टा घट्ट करतात, दुसऱ्यात कातडी काढतात. नुसती कातडी काढून टोसिस बरा होत नाही.

केवळ रूपासाठी मेडिकेअर पैसे देत नाही. नजर अडत असेल तर देतं. त्यासाठी फोटो लागतात आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी सहसा दोनदा होते : पापणी आहे तशी, मग चिकटपट्टीने वर धरून. दोन्हींतला फरक हाच पुरावा. तेव्हा “या वयात कशाला नटायचं?” या टोमण्याने लाजू नका.

पापणी दिवसभरात कमीजास्त होत असेल, तर मायस्थेनियाची तपासणी आधी. आणि ती अचानक उतरली, सोबत डोकेदुखी, दोन-दोन दिसणं किंवा एक बाहुली मोठी असेल, तर थेट ९११. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो.

दहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा फोटो आरशाशेजारी धरून पाहा. फरक दिसला, तर तोच फोटो डॉक्टरांकडे न्या.