सध्या आपण काय वाचीत आहात?



धम्मदीक्षा घेतल्यावर घरातून काय बाहेर गेले, हे आपण एकमेकांस अभिमानाने सांगतो. देव्हारा गेला, नवससायास गेले, अंगात येणे गेले. घरात काय आले, असे कोणी विचारलेच तर भगवान बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्याजवळ ठेवलेला ग्रंथ यांकडे आपण बोट दाखवितो. त्या ग्रंथाची किती पाने वाचून झाली, हे मात्र कोणी कोणास विचारीत नाही. पाहुणा आला की पीकपाणी, मुलाची नोकरी, मुलीचे स्थळ, सर्वांची चौकशी होते. ‘सध्या काय वाचता?’ हा प्रश्नही त्या चौकशीत यावा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १८९८ साली गौतम बुद्धांचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे शाळकरी भीमरावाच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजबांधवांनी सभा भरविली, तेव्हा केळुसकरांनी त्याच चरित्राची एक प्रत त्यास भेट दिली. बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत ही हकीकत स्वतः नमूद केली आहे. पुस्तक वाचून मुलगा गप्प बसला नाही. त्याने वडिलांस विचारले की, आम्हांस रामायण-महाभारत वाचावयास लाविलेत, मग बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? वडिलांच्या उत्तरात काही तथ्य होते, परंतु मुलाचे समाधान झाले नाही. हे असमाधान पुढे कोठवर गेले, हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात साऱ्या जगाने पाहिले. एका शिक्षकाने आपल्याजवळचे पुस्तक योग्य हाती दिले, त्याची ही कथा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. वर्षावासाचे तीन महिने अनेक विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ही प्रथा उत्तम आहे. परंतु एक वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात आणि शेवटी कोणी काहीच विचारीत नाही, असेही पुष्कळ ठिकाणी आढळते. मग या वाचनात आणि सोडून आलेल्या पोथीच्या पारायणात भेद तो कोणता? ग्रंथकर्त्यास तर हे मुळीच अभिप्रेत नव्हते. आरंभीच त्यांनी चार अवघड प्रश्न वाचकांपुढे मांडले आहेत आणि ते सोडविण्यास वाचकांनी हातभार लावावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ज्या ग्रंथाने प्रश्न विचारण्याचे आमंत्रण दिले, त्यापुढे केवळ उदबत्ती लावणे हा त्याचा मान नव्हे.

त्या चारांपैकी पहिला प्रश्न पाहा: सिद्धार्थाने गृहत्याग का केला? वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आले व मध्यरात्री निजलेल्या बायकोमुलास सोडून तो निघाला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ‘असा कसा बाप?’ असे घरातील लहान मूल विचारते आणि आपण त्यास दटावतो. सध्या आमच्या मेजावर धर्मानंद कोसंबी यांचे १९४० सालचे ‘भगवान बुद्ध’ उघडे आहे. अरियपरियेसन सुत्ताच्या आधारे कोसंबी दाखवितात की, आईबाप समोर रडत असताना गौतम घराबाहेर पडला. चोरून पळाला नाही. शस्त्रे घेऊन एकमेकांवर उठलेली माणसे पाहून त्याच्या मनास उद्वेग आला, यासाठी ते अत्तदण्ड सुत्ताचा दाखला देतात. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथात शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे, युद्धाच्या ठरावास सिद्धार्थाने केलेला विरोध आहे आणि यशोधरेची संमतीही आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचा आणि त्या मुलास दटावण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून उत्तर शोधा. आमची पहिली शिफारस हीच.

दुसरी शिफारस भगिनींसाठी आहे. पुरुषांनी वाचले तर अधिकच बरे. बेबी कांबळे फलटणला लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील मजकूर त्या वाचीत आणि लिहीत ते घरच्यांपासून लपवून. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. वाचनास वेळ नाही असे म्हणणाऱ्याने आधी हे वाचावे. त्यात आपल्याच घरांतील पुरुषांविषयी काही कठोर पाने आहेत. ती गाळून मोठ्याने वाचू नयेत.

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ सालचा ग्रंथ जोतीरावांस अर्पण केला, तोही आमच्या मते शिफारशीचाच एक प्रकार होय.

ज्या घरी अक्षरओळख नसलेली आजी आहे, तेथे नातवाने रोज दोन पाने तिला वाचून दाखवावीत आणि तिला काय वाटले ते विचारावे. पुस्तक उसने देताना पहिल्या पानावर आपले नाव घालावे. परत मागण्याचा संकोच करू नये, कारण अडकलेले पुस्तक पुढच्या घरी जात नाही.

पुढील अंकापासून वाचकांच्या पत्रांस आम्ही अर्धे पान राखून ठेवीत आहोत. सध्या कोणते पुस्तक वाचीत आहात, ते कोणाकडून मिळाले, आणि त्यातील कोणते पान आपणांस पटले नाही, एवढे पोस्टकार्डावर लिहून पाठवावे. स्तुतीच्या विशेषणांस जागा नाही.