खाद्यातली हळद आणि शेडमधलं तूस

ब्रॉयलरच्या शेडमध्ये शिरताना मी आधी नाकाकडे लक्ष देतो. अमोनियाने डोळे चुरचुरले, मुठीत घेतलेल्या तुसाचा लाडू वळला, की समजावं, इथे औषधाची बाटली लवकरच उघडणार. ती बाटली टाळायची, तर विचार हळदीपासून सुरू करू. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातल्या कर्क्युमिनचं कौतुक आपण सगळीकडे सांगतो. मग तीच हळद, लसूण, ओवा कोंबडीच्या खाद्यात का नको? ओव्यातला थायमॉल जंतूंची वाढ रोखतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण पुडी टाकली आणि काम झालं, असं होत नाही. वनस्पतीचा कस जमिनीगणिक बदलतो, मात्रा चुकते, आणि आजारी पडलेला लॉट हळदीने उठत नाही. तिथे पशुवैद्यकाला बोलवावंच लागतं. या वस्तू निरोगी पक्ष्याचं पोट सांभाळायला आहेत. औषधांना आवर घालायला सुरुवातही झाली आहे. वजन वाढावं म्हणून रोज थोडंथोडं अँटिबायोटिक चारणं युरोपने २००६ पासून बंद केलं. माणसासाठी अखेरचा आधार असलेल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्यांसह अन्नासाठी पाळलेल्या सगळ्याच प्राण्यांसाठी बंदी आली, तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. करारावरच्या शेतकऱ्याला खाद्य कंपनीकडूनच येतं, त्यामुळे हळदीचा प्रश्न कंपनीला विचारायला हवा. त्याच्या हातात आहे ते पाणी, तूस आणि पडदे. तूस रोज खालीवर करा, पाण्याचं निपल गळत असेल तर आजच बदला.