फिरायला आमराईत जा, बसायलाही

डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला." कुठं चालायचं, ते कोणी सांगत नाही. आपल्या वस्त्यांतल्या बोळांतून दोन माणसं शेजारून जात नाहीत. तिथं मधुमेह झालेल्या आईनं चालायचं कुठं? सांगलीकरांना जागा हाताशी आहे. पटवर्धन संस्थानाच्या काळातली आमराई आज सार्वजनिक बाग आहे. जुनी झाडं, दाट सावली. तरी तिथं फिरणाऱ्यांत आपल्या भगिनी किती दिसतात?

"दिवसभर राबतोच की, आणखी वेगळं काय चालायचं?" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. हळदीच्या धुळीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला पावलं मोजायला सांगणं मला पटत नाही. तिला सावलीत पाठ टेकून घटकाभर बसायला मिळावं, मोकळा श्वास घेता यावा. शिलाई मशीनवर किंवा कचेरीत बसून काम करणाऱ्यांनी मात्र चालावंच. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. पाय बधिर होत असतील तर हिरवळीवरही अनवाणी चालू नये. काटा रुतलेला कळत नाही.

साताऱ्यात गुडघे दुखत असताना अजिंक्यताऱ्याचा चढ हट्टानं चढू नये. राजवाड्याजवळची गोलबाग लहान आहे, पण सपाट. बाबासाहेब १९०० साली ज्या शाळेत दाखल झाले, ती याच राजवाड्यातली. फेऱ्या दोन जास्त माराव्यात, एवढंच.

चंक्रमण आपल्याला नवं नाही. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगीपण आहे, अन्नपचनही आहे. वैद्य जीवकानं भगवान बुद्धांना दान दिली तीही आमराईच.

खरी अडचण शौचालयाची. बाहेर सोय नसेल म्हणून बाया पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ अंगावर काढतात. शिवाय धुणीभांडी करणाऱ्यांना सवड मिळते ती दुपारी. म्हणून विहारातल्या महिला मंडळांनी आपापल्या पालिकेकडे अर्ज द्यावा: बागेत नव्या फरशा आणि रंगीत दिवे नंतर, आधी पाणी असलेलं, कुलूप नसलेलं शौचालय, आणि दुपारीही उघडं फाटक. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी.