विचारलं तर बिघडलं कुठे?

मैत्रिणींनो, सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हाची गोष्ट. रात्री सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. मी विचारलं, "कशाचं हो हे?" "डॉक्टरांनी लिहिलंय." आमच्या ह्यांनी डोळे वटारले. पण सिस्टरनी कागद पुन्हा पाहिला, तर इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या आजींचं!

डॉ. अतुल गावंडे (वडील मूळचे आपल्या महाराष्ट्रातले) यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. पेशंटचं नाव, ऑपरेशन कुठलं, अ‍ॅलर्जी आहे का, सगळं मोठ्याने विचारायचं. २००९ मधला अभ्यास सांगतो, दिल्लीसह ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अशी यादी सक्तीची झाली, तर २०१४ च्या अभ्यासात मृत्यू फारसे घटलेले दिसेनात.

मला तरी वाटतं, कागदावर खुणा झाल्या, तोंडं बंदच राहिली. सिस्टरला सर्जनना "थांबा" म्हणायची सोय नसेल तर यादी काय करणार? आणि आपण? कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणाऱ्या आपण खाटेपाशी मुक्या होतो.

जाताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत, ताई." ह्यांनी मात्र सकाळपर्यंत अवाक्षर काढलं नाही.