लाइट बिलाला वीसपैकी सोळा

गेल्या सत्रात समाजशास्त्राच्या असाइनमेंटऐवजी मी आमच्या घरचं लाइट बिल अपलोड केलं. मुद्दाम नाही. फोनमध्ये दोन्ही पीडीएफ शेजारी शेजारी होत्या, रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि बाराला पोर्टल बंद होणार होतं. चूक लक्षात आली तिसऱ्या दिवशी. आता शून्य, असं धरून बसलो. महिन्याभराने गुण लागले: 20 पैकी 16.

त्याच असाइनमेंटला माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला शून्य आहे.

तिने 22 पानं लिहिली होती. विषय दोघांनाही एकच, आठवडी बाजार. मी इंटरनेटवरून उचलून सहा पानं भरली होती (जी शेवटी फोनमध्येच राहिली). ती मात्र चार रविवार गावच्या बाजारात बसली. तिने लिहिलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. भाजीवाल्या बायांच्या पाटीसमोर आता क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो, पण त्यामागचं खातं बहुतेकदा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. पूर्वी संध्याकाळी कमरेच्या पिशवीत रोकड असायची, त्यातून घरी जाताना बाई स्वतःच्या मनाने चार वस्तू घ्यायची. आता माल तीच विकते, पण पैसे आल्याचा मेसेज दुसऱ्याच्या फोनवर वाजतो. एका म्हातारीने तिला सांगितलं होतं की, ‘धंदा झाला का नाही, ते घरी गेल्यावर लेकाला विचारावं लागतं.’ बी.ए.च्या वर्गात बसून कुणी हे टिपलं असेल, तर त्या कॉलेजने ते छापायला हवं. इथे ते कुणी उघडलंसुद्धा नाही.

कारण ते पोचलंच नाही. नियम असा की असाइनमेंट हातानेच लिहायची, म्हणजे कॉपी-पेस्ट होणार नाही. मग प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, त्याची पीडीएफ करायची आणि ती 5 एमबीच्या आत बसवायची. (2020 च्या जूनमध्ये 59 चिनी अॅप्सवर बंदी आली, त्यात कॅमस्कॅनरही गेलं, आमच्याकडे याला अजून ‘कॅमस्कॅन करणं’च म्हणतात.) 22 पानांची फाइल झाली 18 एमबी. दाबून दाबून लहान केली तर अक्षरं पुसट. पुन्हा फोटो, पुन्हा पीडीएफ. गावात रात्री रेंज धड नाही, म्हणून भावाला घेऊन ती हायवेपर्यंत आली. फाइल चढेपर्यंत 12 वाजून 4 मिनिटं झाली होती.

आणि हाताने लिहिल्याने कॉपी थांबते, हे कुणी ठरवलं? अर्धा वर्ग चॅटजीपीटीचं उत्तर निळ्या पेनाने उतरवून काढतो. अक्षर सुंदर, समास आखलेला.

‘शिस्त नको का?’ असं विचारणारे आहेत. हवी ना. पण मग ती दोन्हीकडे हवी. यूजीसीने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. ते प्रामुख्याने शोधनिबंध आणि प्रबंधांसाठी आहेत. त्यात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालेल, सामान्य माहितीचे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे धरायचे नाहीत, इतकं बारीक मोजमाप आहे. लिहिणाऱ्याने काय करू नये याचं माप शब्दांत आणि टक्क्यांत ठरलं. आमची असाइनमेंट तपासणाऱ्याने निदान फाइल उघडावी, एवढा साधा नियम मात्र मला कुठे दिसला नाही.

मी सरांवर चिडलो होतो, आता तितका नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. आमच्या एका वर्गात 80 मुलं, असे त्यांचे चार वर्ग, आणि प्रत्येकाच्या सत्राला दोन असाइनमेंट. म्हणजे 640 पीडीएफ, त्याही फोनच्या पडद्यावर. या हिशोबात लाइट बिलाला 16 मिळणार नाहीत तर काय होईल? पोर्टलला फाइल आली का आणि कधी आली, एवढंच कळतं. मग गुणही त्याचेच पडतात.

जुने लोक म्हणतात, आमच्या फायली तरी कोण वाचायचं? लाल पेनाची सही आणि संपलं. खरं असेल. पण ती फाइल एका माणसाच्या हातात द्यावी लागायची. एसटी चुकली, उशीर झाला, तर स्टाफरूमच्या दारात उभं राहून ‘सर, एवढी घ्या’ म्हणता यायचं. सर ओरडायचे आणि घ्यायचे. मार्च 2020 नंतर कॉलेजं बंद होती तेव्हा ऑनलाइन सबमिशन ही अडचणीतली सोय होती. कॉलेजं उघडली, सोय तशीच राहिली, फक्त ते स्टाफरूमचं दार तेवढं गेलं.

आमच्याकडे 100 पैकी 40 गुण अंतर्गत, आणि त्यात वेगळं पास व्हावं लागतं. त्या चार मिनिटांपायी तिला एटीकेटी लागली. घरात आधीच ‘शिकून काय करायचंय’ चालू आहे, त्याला आयता पुरावा मिळाला.

विषयाला सत्रात एकच असाइनमेंट ठेवा, पण ती वाचा. वाचल्याची खूण म्हणून निदान दोन ओळी परत लिहा, ‘हे पटलं नाही’ असं लिहिलंत तरी चालेल. वेळ रात्री बाराची नको, संध्याकाळी पाचची ठेवा, म्हणजे ज्यांच्या घरी रेंज नाही ती मुलं कॉलेजच्या वायफायवरून पाठवतील. उशिराला दोन गुण कापा, पण फाइल घ्या.

हे सगळं मी अर्जात लिहिलं, लाइट बिलाची गोष्टही लिहिली आणि बिलाची प्रत जोडली. मैत्रीण नको म्हणत होती, तुझेही 16 जातील म्हणाली. गेले तर जाऊ देत. ऑफिसातल्या बाबूंनी अर्ज हातात धरून पाहिला आणि परत दिला. तक्रारी आता पोर्टलवरच घेतात, पीडीएफ 1 एमबीच्या आत. मी ती बनवून टाकली आहे. ‘सबमिटेड’ असा हिरवा शिक्का दिसतो. त्याला आता सात आठवडे झाले. मैत्रीण एटीकेटीसाठी बाजारावरचं तेच सगळं पुन्हा हाताने लिहिते आहे, यावेळी आठ पानांत.