स्पेलिंग चुकलं, गिऱ्हाईक हुकलं

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तिथं एखाद्या खिलार खोंडाचा सौदा चालू असताना जवळ उभं राहून बघा. घेणारा आणि देणारा हातावर टॉवेल टाकतात, आत बोटं धरतात आणि बोटांवरच आकडा ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. ‘खिलार’ लिहायचं की ‘खिल्लार’, हे त्या बाजारात कुणी विचारत नाही. विचारायचं कारणच नसतं, कारण खोंड समोर उभा असतो. दात बघा, खूर बघा, दहा पावलं चालवून बघा.

आता हाच व्यवहार मोबाइलवर आलाय. जुना ट्रॅक्टर, दुचाकी, शेळ्या, लॅपटॉप, आजोबांच्या ट्रंकेतली नाणी, सगळं ऑनलाइन विकलं जातं; कुठं बोली लावून, कुठं ‘किंमत बोलू’ असं लिहून. फरक एवढाच की इथं वस्तू समोर नसते. वस्तूच्या जागी तिचं नाव उभं असतं. गिऱ्हाईक शोधपट्टीत ते नाव टाइप करतं आणि यंत्र अक्षराला अक्षर लावून बघतं. नाव चुकलं की वस्तू बाजारात असूनही नसल्यासारखी.

आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण सांगतो. त्यांना कडबाकुट्टी विकायची होती. जाहिरात टाकली कुणी? अर्थातच कॉलेजला जाणाऱ्या चिरंजीवांनी, एसटीत उभ्या उभ्या. ‘कुट्टी’ची झाली ‘कुटी’, म्हणजे झोपडी. कंपनीच्या नावातलं एक अक्षर गळालं. गावाच्या जागी इंग्रजीत वडूज लिहिताना शेवटी ‘जे’ऐवजी ‘झेड’ पडला. तीन आठवड्यांत एकच फोन आला, तोही एका व्यापाऱ्याचा. त्यानं भाव पाडून मागितला. काकांना मुलीची फी भरायची होती, त्यांनी देऊन टाकलं. पुढच्याच आठवड्यात तेच यंत्र, तोच निळा रंग, तोच पत्र्याला पडलेला पोचा, पण नाव शुद्ध आणि किंमत जवळजवळ दुप्पट! काका एवढंच म्हणाले, “यंत्र तेच की रं, मग काय बदललं?” बदललं होतं फक्त स्पेलिंग.

आणि तो ‘झेड’ साधा नव्हता. ‘झेड’वालं वडूज खरोखर आहे, पण ते युरोपात, लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाची राजधानी. वस्ती आपल्या वडूजपेक्षा कमी. तिथं कडबाकुट्टी कोण घेणार?

आता तुम्ही म्हणाल, एक गिऱ्हाईक आलं ना, मग नुकसान कसलं? इथंच लिलावाची खरी गोम आहे. लिलावात किंमत ठरवतो तो दुसरा बोलीदार. पहिल्याची तयारी पन्नास हजारांची असेल, पण समोर कुणीच नसेल, तर तो पन्नास कशाला बोलेल? दुसरा चाळीसपर्यंत आला, तरच पहिला चाळीसच्या वर सरकतो. ई-बेसारख्या संकेतस्थळांवरच्या लिलावाची रचनाच अशी की जिंकणारा साधारणपणे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त देतो. या प्रकारच्या लिलावाचा सिद्धान्त विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञानं 1961 मध्ये मांडला आणि 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चुकलेलं स्पेलिंग सगळ्यांना घालवत नाही. चिकाटीनं शोधणारा एखादा येतोच. पण ते स्पेलिंग दुसऱ्याला घालवतं आणि दुसरा गेला की भाव गेला.

याचा जगप्रसिद्ध दाखला 2007 चा. ऑलसॉप नावाच्या इंग्रज मद्य कंपनीनं 1852 मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी बनवलेल्या बिअरची एक सीलबंद बाटली ई-बेवर आली. कंपनीच्या नावात इंग्रजीत दोन ‘पी’ आहेत, विकणाऱ्यानं एकच लिहिला. बाटली 304 डॉलरला गेली. घेणाऱ्यानं ती बरोबर स्पेलिंग घालून पुन्हा लिलावात काढली आणि बोली गेली पाच लाख डॉलरच्या वर! ही गोष्ट इंटरनेटवर ‘एका अक्षरानं पाच लाख बुडाले’ अशी फिरते. पण पूर्ण गोष्ट अशी की ती शेवटची बोली खरी नव्हती, तेवढे पैसे कुणी मोजलेच नाहीत. म्हणून पाच लाखांचा आकडा सोडून द्या. विकणाऱ्यानं लिहिलेल्या नावात एक अक्षर कमी होतं आणि त्यामुळे ती बाटली जाणकारांना दिसली नाही, एवढं ध्यानात ठेवा.

अशा चुका हुडकून त्यावर कमावणारेही आहेत. 2004 च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्यावर बातमी केली होती. लॅपटॉपला ‘लॅबटॉप’ लिहिलेलं, डायमंडमधला ‘ए’ गळालेला, असल्या जाहिराती शोधायच्या, स्वस्तात उचलायच्या आणि शुद्ध करून विकायच्या. पुढं तर एका शब्दाची सगळी संभाव्य चुकीची रूपं काढून देणारी संकेतस्थळंही निघाली. भारतात ई-बे 2004 मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन आलं आणि 2018 मध्ये इथला गाशा गुंडाळून गेलं. पण बोलीचा बाजार काही थांबला नाही. तो जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर गेला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, बँकांच्या ई-लिलावात गेला.

आपल्या भागातल्या चुका वेगळ्या आहेत आणि त्या का होतात हेही समजून घ्यायला हवं. आपण कानानं लिहितो. ‘विकणे आहे’साठी इंग्रजीत जो ‘सेल’ लागतो त्याच्या शेवटी ‘ए-एल-ई’ असतं. आपण दोन ‘एल’ लावतो आणि नामाचं क्रियापद करून टाकतो. गाडी थांबवणारा ब्रेक ‘के-ई’नं संपतो, ‘ई-ए-के’वाला ब्रेक म्हणजे मोडणं. ‘नवीन ब्रेक टाकलेत’ असं सांगताना आपण ‘नवीन मोडतोड केलीय’ असं लिहून बसतो. ‘अर्जंट’ची सुरुवात ‘यू’ऐवजी ‘ए’नं केली तर फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ होतो चांदी. खटाव-माण, खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली मंडळी चांदी गाळायला देशभर गेली हे खरं, पण म्हणून जुन्या मोटारसायकलला चांदी कशाला म्हणायचं? ‘महिंद्रा’चं ‘महेंद्र’ होतं, ‘एनफिल्ड’चं ‘इनफिल्ड’ होतं, डिझेलमधले ‘आय’ आणि ‘ई’ जागा बदलतात. उरलेलं काम मोबाइलचा आगाऊ कीबोर्ड करतो. आपण बरोबर लिहिलेलं तो परस्पर बदलतो आणि आपण न वाचता पाठवतो.

मराठीत लिहिलं तर सुटका? तिथं ऱ्हस्व-दीर्घ उभे. ‘वडूज’ आणि ‘वडुज’ आपण एकच वाचतो. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, कारण ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार यांना वेगवेगळे सांकेतिक क्रमांक आहेत. नियम सोपा आहे. मराठी शब्दाच्या शेवटी अकार असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ : गूळ, फूल, मूल, तसं वडूज. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनानं 1962 मध्ये स्वीकारले, त्यात 1972 मध्ये भर पडली, एकूण नियम 18. दहावीला दोन मार्कांसाठी आपण ते घोकले आणि पेपर संपल्यावर विसरलो. ते दोन मार्क आता बाजारात मोजले जातायत.

मोठी संकेतस्थळं हल्ली चुका पोटात घालतात, हे मान्य. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजण्याची रीत व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञानं 1965 मध्ये दिली. ‘तुम्हाला असं म्हणायचंय का?’ असं विचारणाऱ्या शोधयंत्रांच्या मागं अशाच मोजण्या असतात. पण ही मदत लोकप्रिय इंग्रजी शब्दांना जास्त मिळते. कडबाकुट्टी, माडग्याळी मेंढी, खटाव, म्हसवड या शब्दांच्या वाट्याला ती कमी येते. म्हणून आमची मागणी संकेतस्थळं चालवणाऱ्यांकडेही आहे : मराठी माणसाच्या पैशावर धंदा करता, तर त्याच्या गावाच्या नावाची दोन-चार रूपं ओळखायला यंत्राला शिकवा. सगळा भार ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या डोक्यावर नको.

आणखी एक गोष्ट खटकते. अशा जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून आपणच ग्रुपवर हसतो. ‘बघ रे, काय इंग्रजी!’ हसणाऱ्यानं एवढा विचार करावा की त्या जाहिरातीमागं कुणाची तरी अडचण आहे. ट्रॅक्टर कुणी हौसेनं विकत नाही. इंग्रजी चुकणं ही लाज नाही. ज्यानं आयुष्यभर एरळाकाठी शेती केली त्यानं स्पेलिंग पाठ का करावं? पण आपण शिकलोय, मग एक फोन करून ‘काका, नावात एक अक्षर चुकलंय, बदलून देऊ का?’ असं विचारायला काय जातं? चुकलेल्या जाहिरातीतून स्वस्तात घेणं हा गुन्हा नाही. पण ओळखीच्या माणसाची चूक दिसली आणि ती सांगायच्या ऐवजी आपण बोली लावली, तर त्याला व्यवहारचातुर्य म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

दुसऱ्या बाजूला काही चुका मुद्दाम केलेल्या असतात. नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं केलेला बूट, बँकेच्या पत्त्यात एक अक्षर जास्त असलेलं संकेतस्थळ, ही चूक नव्हे, सापळा आहे. जुनी नाणी-नोटा लाखोंना घेतो असं सांगून रिझर्व्ह बँकेच्या नावानं शुल्क मागणारे भेटतात. अशांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा. बँकेच्या लिलावात घर-जमीन घ्यायची असेल तर नोटिशीतला गट नंबर आणि नाव सातबाऱ्याशी ताडून बघा. सातबाऱ्यावरच लेखनाची चूक असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली ती दुरुस्त करून घेता येते. तिथं एक अक्षर म्हणजे आयुष्यभराची कमाई असते.

मग करायचं काय? नाव आठवून लिहू नका. यंत्रावरच्या पट्टीवरून, आरसी बुकावरून बघून उतरवा. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही नावं लिहा, लोक दोन्हींनी शोधतात. शीर्षक टाकल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवरून तीच वस्तू शोधा. दिसली नाही तर तुमची जाहिरात नाहीच असं समजा. मॉडेल, साल, किती तास वापरलंय हे आकड्यात द्या. आणि गावाच्या नावापुढं पिन कोड टाकायला विसरू नका. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. सारख्या नावाची गावं, अनेक भाषा, चुकीचे पत्ते यांवर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हे सहा आकडे. 415506 लिहिलं की ‘जे’ आणि ‘झेड’चं भांडणच मिटतं.

घरातल्या जाहिराती, अर्ज, नोटिसा आज तुम्हीच टाइप करता. आई-वडील विश्वासानं मोबाइल तुमच्या हातात देतात आणि म्हणतात, “तू शिकलायस, तूच टाक.” बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं धरणारा माणूस प्रत्येक बोट मोजून धरतो, कारण एका बोटाचा फरक हजारांचा असतो. आता तुमची बोटं त्या जागी आहेत. ‘पाठवा’ दाबण्याआधी एकदा वाचा.